सात नंबर

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, रंगाच्या कारखान्यामागे,
आमची खोली बारा महिने तेवीस अंशांवर.
बाहेर मे डांबर वितळवतो,
आत मी स्वेटर घालून
बारा अ‍ॅम्प्लिफायरांचं शून्य मोजते.

शून्य म्हणजे काय, ते फणसे सरांनी पहिल्याच दिवशी दाखवलं.
दोन्ही इनपुट जमिनीला बांधली,
आलं ते हजारपट मोठं करून मीटर माझ्याकडे सरकवला:
"बघ. काहीच दिलं नाही, तरी हा काहीतरी बोलतोय."
चार मायक्रोव्होल्ट.
"एवढं बोलला तर चालेल.
उद्या वेगळं बोलला तर मात्र मला कळायला हवं."

आणि, "हेमांगी, बोर्डाकडे तोंड करून बोलू नकोस.
सोल्डरच्या एका टोकाला श्वास जास्त लागला
की तोही आकड्यात येतो."
दहा वर्षं त्या खोलीत आम्ही
भिंतीकडे बघून बोललो.

कागदावर छापलेलं असतं: हजार तासांत शून्य पॉइंट तीन.
गिऱ्हाईक विचारतं, दहा वर्षांत किती?
मी सरळ गुणाकार केला. सव्वीस.
सरांनी खोडरबर पुढे केला.
"हा कामावर निघालेला माणूस नाही गं,
जेवण झाल्यावर सुरसागरच्या कडेनं फिरणारा आहे.
दोन पावलं इकडे, एक तिकडे, पुन्हा शेंगदाण्याच्या गाडीपाशी.
वेळ धरू नकोस. वेळेचं वर्गमूळ धर."
नव्वदपट नाही, नऊपट. दोन पॉइंट आठ.
"आणि सातची हमी मी देत नाही."

सात नंबर सगळ्यांबरोबर भट्टीत
एकशे पंचवीस अंशांवर आठवडाभर भाजला होता,
तरी त्याचं काही ठरत नव्हतं.

उत्तरायणला सर हटकून यायचे:
शेजारचे कॉम्प्रेसर बंद, अख्खी वसाहत गच्चीवर,
वीज वर्षातून एकदाच इतकी स्वच्छ.
विश्वामित्री रस्त्यावर आली तेव्हा वहीत तीन तुटक रेघा,
खाली: "वॉचमन म्हणतो मगर दिसली. पडताळणी नाही."

मोजणाराही सरकतोच.
म्हणून आमचा संदर्भ-स्रोत दर मार्चमध्ये
अहमदाबादला स्वतःला मोजून घ्यायला जायचा,
गाडीच्या पुढच्या सीटवर, बेल्ट लावून.
सर मागे बसायचे.

गेल्या महिन्यात दहा वर्षं भरली.
आलेख काढला. अकरा जण अंदाजाच्या आत.
सात इतकं भटकून
निघाला होता तिथून अर्ध्या मायक्रोव्होल्टवर परत.

आकडे उतरवताना मला वही जवळ घ्यावी लागली होती.
मग आणखी जवळ.
पहिल्या वर्षीचा सरांचा सात सहा मिलिमीटर उंच,
पाचव्या वर्षी चार,
आठव्यात मोहरीचे दाणे ओळीनं मांडावेत तसा.
मी फूटपट्टी लावून बसले.
इथे वर्गमूळ नव्हतं. रेघ सरळ खाली आलेली.
दर सोमवारी त्याच टेबलाशी होते मी,
हातभर अंतरावर,
एक दशलक्षांश व्होल्ट सोडला नाही.

त्यांच्या शेवटच्या पानावर, समासात,
मुंगीएवढं: "पुढच्याने भिंग वापरावे."
म्हणजे त्यांनी मोजलं होतं.

काल कारेलीबागेत मुलीच्या घरी फोन लावला.
आवाजही आता समासातला.
फोन कानाशी दाबून धरला तेव्हा दोनच शब्द ऐकू आले:
"सात कसाय?"

बोर्ड समोर चालू होता.
मी भिंतीकडे तोंड केलं
आणि सांगितलं.